यादी माझी, पाटी आजीने वाचलेली: बेंगळुरूत पाच जणांचं तीन दिवसांचं खाणं

पार्श्वभूमी

मिरजेचं एक कुटुंब. नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि बहात्तरीची आजी. नावं देत नाही. एवढं मात्र सांगायला हवं, की यातली बायको म्हणजे माझी ताई आणि या प्रकरणातली पहिली चूक माझी.

बेत साधा होता. शुक्रवारी मिरजेहून राणी चन्नम्मा पकडायची, शनिवारी सकाळी बेंगळुरू, सोमवारपर्यंत फिरायचं आणि सोमवारी रात्री त्याच गाडीने परत. मुक्काम स्टेशनसमोर, गांधीनगरातल्या एका लॉजवर. खाण्यापिण्याला दाजींनी दिवसाला १८०० रुपये धरले होते, म्हणजे तिन्ही दिवसांचे ५४००. अटी तीन. मॉलमधली साखळी हॉटेलं नकोत, कारण "ती सांगलीतपण आहेत, त्यासाठी रात्रभर गाडीत कशाला बसायचं?" आजी शाकाहारी, तेव्हा तिच्या पानाशेजारी मटण नको. आणि धाकट्याला तिखट चालत नाही.

मी बेंगळुरूत चार वर्षं नोकरी केलेली. त्यामुळे "कुठे खायचं" हे काम माझ्याकडे आलं आणि मी ते अर्ध्या तासात उरकलं. यादीत सगळी मानाची नावं होती: लालबाग रोडवरचं १९२४ चं एमटीआर, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स; गांधी बझारातलं १९४३ चं विद्यार्थी भवन; शंकरपुरममधला १९६५ चा ब्राह्मिन्स कॉफी बार; मल्लेश्वरममधली सीटीआर (सेंट्रल टिफिन रूम) आणि वीणा स्टोअर्स; शिवाय माझ्या जुन्या ऑफिसजवळच्या दोन दर्शिनी. सगळी ठिकाणं स्वतंत्र, मालक गल्ल्यावर बसणारी, खिशाला परवडणारी. आजही त्यातलं एकही नाव मी वाईट म्हणणार नाही.

पण ती यादी पंचविशीतल्या एकट्या माणसाची होती. ताईकडच्या पाच जणांचा त्यात कुठेच विचार नव्हता.

अडचण कुठे आली

शनिवारी सकाळी गाडीतून उतरून, लॉजवर सामान टाकून मंडळी माझ्या यादीतल्या एका दर्शिनीत गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल. १९८३ मध्ये आर. प्रभाकर यांनी जयनगरात कॅफे दर्शिनी काढली, ती पद्धत चालली आणि शहरभर पसरली. गल्ल्यावर आधी पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, ती आतल्या खिडकीवर द्यायची आणि ताटली उचलून छातीएवढ्या उंच स्टीलच्या टेबलापाशी उभं राहायचं. वेटर नाही, खुर्ची नाही, एक गिऱ्हाईक दहा मिनिटांत बाहेर. म्हणून तर तिथली इडली स्वस्त. खुर्ची काढून टाकली म्हणूनच तो भाव परवडतो, हे मला चार वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं, कारण मला खुर्ची लागलीच नव्हती.

ताईने फोनवर जे वर्णन केलं ते असं. दाजी चिठ्ठी घेऊन गर्दीत. धाकटा कडेवर, कारण खाली ठेवला तर लोकांच्या गुडघ्यांत हरवतो. मोठीची हनुवटी टेबलाच्या कडेला टेकलेली, सांबाराची वाटी बरोबर डोळ्यांसमोर. आणि गुडघे धरलेली आजी शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर ताटली मांडीत घेऊन बसलेली. आजी काही बोलली नाही. "चटणी चांगली होती," एवढंच म्हणाली. खर्च ३१० रुपये. कागदावर बघाल तर उत्तम नाश्ता.

खरी फजिती दुपारी झाली. कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात पोरं यंत्रांना जी चिकटली ती साडेतीनपर्यंत हलली नाहीत. बाहेर पडल्यावर यादीतल्या सगळ्यात जवळच्या ठिकाणी पोचेपर्यंत चार. बेंगळुरूच्या बऱ्याच जुन्या हॉटेलांचं घड्याळ साधारण ठरलेलं असतं: सकाळचं टिफिन, म्हणजे इडली-डोशाचा नाश्ता, अकरा-साडेअकरापर्यंत, जेवण बारा ते तीन, मग शटर अर्धं खाली आणि चारनंतर कधीतरी पुन्हा टिफिन. मधल्या वेळात भुकेलं पोर घेऊन उभं राहिलात तर वाली कुणी नाही. तशात धाकट्याने भोकाड पसरलं आणि मंडळी शेवटी तिथेच गेली, जिथे जायचं नाही असं ठरलं होतं. मॉलमधल्या एका रेस्टॉरंटात.

तिथे खुर्च्या होत्या, गार हवा होती, स्वच्छ टॉयलेट होतं, लहान मुलासाठी उंच खुर्चीही होती. आणि बिल होतं २२६४ रुपये. जेवणाचे १९६०, त्यावर दहा टक्के सेवा शुल्काचे १९६ आणि या सगळ्याच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी. दाजींनी मुकाट्याने कार्ड दिलं. हे सेवा शुल्क ऐच्छिक असतं. ग्राहकाला न विचारता ते बिलात घालू नये आणि त्यावर जीएसटी लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच बजावलंय; मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. "हे काढून द्या" एवढं शांतपणे म्हणायचं, नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पण रडून झोपलेलं पोर खांद्यावर असताना कायदा कुणाला आठवतो?

रात्री कुणी बाहेर पडलं नाही. खालून दहीभात आणि केळी आणली, २४० रुपये. पहिल्याच दिवशी २८१४ गेले.

समोर असलेले पर्याय

रात्री नऊला ताईचा फोन आला. स्पीकरवर सगळेच होते. दाजींचा सूर चढलेला: "तुझी यादी आहे का गिर्यारोहणाचा कार्यक्रम?"

पहिला पर्याय त्यांचाच होता, उद्यापासून सरळ मॉल. मला तो पटत नव्हता, पण तो मूर्खपणाचा म्हणता येणार नाही. लहान मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असलं की खुर्ची आणि टॉयलेट या चैनीच्या गोष्टी राहत नाहीत. अडचण पैशांची होती. उरलेल्या दोन दिवसांत तशी चार जेवणं झाली असती तर खर्च दुपटीवर गेला असता.

दुसरा, मोबाइलवरून लॉजवर मागवायचं. खोलीत टेबल नाही, म्हणजे पलंगावर वर्तमानपत्र पसरून खायचं. शिवाय पार्सलमधला डोसा म्हणजे ओलं पुठ्ठं. अडीनडीला ठीक, एवढ्यावर तो बाजूला पडला.

तिसरा माझा: यादी तीच ठेवायची, पण पहाटे लवकर जायचं. इथे माझी दुसरी चूक उघडी पडली. मी वार बघितलेच नव्हते. ब्राह्मिन्स रविवारी बंद, एमटीआर सोमवारी बंद. विद्यार्थी भवनची सुट्टी शुक्रवारी, पण शनिवार-रविवार तिथे दारात माणसं ताटकळतात. म्हणजे माझ्या सात नावांतली तीन त्या दोन दिवसांत कधी ना कधी अडत होती.

चौथा पर्याय ताईने काढला आणि तोच पुढे चालला. हॉटेलचं नाव आधी ठरवायचंच नाही. आधी भाग ठरवायचा, मग वेळ, मग बसायला आहे का ते बघायचं आणि शेवटी पदार्थ. मेट्रोच्या एका मार्गावर राहायचं. जेवायला सव्वाबाराला बसायचं, भूक लागो न लागो. आणि कुठेही पंधरा मिनिटांत जागा मिळाली नाही तर निघायचं. घड्याळ मोठीच्या हातात.

एवढं ठरत असताना मागून आजीचा आवाज आला. "त्या लॉजच्या मागच्या गल्लीत खानावळ आहे की. सकाळी येताना पाटी वाचली मी."

कुणालाच कळेना. पाटी कानडीत होती. आजीचं माहेर जत तालुक्यातलं आणि ती चौथीपर्यंत कानडी शाळेत शिकलेली. लग्न होऊन मिरजेला आल्यापासून घरात सगळा मराठी कारभार, त्यामुळे आजीला कानडी वाचता येतं हे तिची नातवंडं सोडा, मुलगाही विसरून गेला होता. "मग सकाळी का नाही बोललीस?" दाजींनी विचारलं.

"तुमच्याकडं यादी होती की."

रविवारी आणि सोमवारी काय केलं

रविवारी सातला मंडळी लॉजजवळच्या मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गाच्या मेट्रोने लालबागेत. हैदर अलीने १७६० मध्ये लावायला घेतलेली ही बाग, पण पोरांना झाडांपेक्षा तिथला उघडा खडक आवडला, चढता-घसरता येतो म्हणून. सव्वानऊला भुका लागल्या. आता दाजींची कसोटी. एमटीआर हाकेच्या अंतरावर, आणि रवा इडली तिथेच खायची हे ते वर्षभर म्हणत होते. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा एमटीआरने रव्याची इडली काढली, ही गोष्ट त्यांनी गाडीत सगळ्यांना दोनदा ऐकवलेली. पण रविवारी सकाळची गर्दी लांबूनच दिसली. थांबायचं की जायचं? पंधरा मिनिटं थांबून बघायलाही मोठी तयार होती. दाजी म्हणाले, नको. माझ्या मते हा या सहलीतला सगळ्यात चांगला निर्णय, कारण तो स्वतःची हौस मोडून आणि पोरं रडायच्या आधी घेतला. (ते अजून कुरकुरतात, हा भाग वेगळा.)

मग बसवनगुडीत एक साधं उपाहारगृह दिसलं. तळमजल्यावर तीच उभ्याने खायची टेबलं. ताई परत फिरणार, तेवढ्यात आजी गल्ल्यावर जाऊन विचारती झाली, "म्याल कुंद्रलिक जागा ऐतेन्री?" वर बसायला जागा आहे का हो? गल्ल्यावरचा माणूस हसला आणि बोट वर केलं. जिन्याने वर गेल्यावर हॉल, पंखे, खुर्च्या, हात धुवायला बेसिन. भावफलकावर दोन रकाने: खालचा भाव आणि वरचा भाव. स्वयंपाकघर एकच, फरक पदार्थामागे पंधरा-वीस रुपयांचा. पाच जणांमागे ऐंशीएक रुपये जास्त गेले असतील. बेंगळुरूतल्या कितीतरी टिफिन हॉटेलांना असा वरचा मजला असतो. मी चार वर्षांत एकदाही जिना चढलो नव्हतो.

आजीमुळे आणखी दोन गोष्टी कळल्या. "बिसि नीर कोड्री" म्हटलं की गरम पाणी टेबलावर येतं, फुकट. बाटल्या घ्याव्या लागत नाहीत. आणि कॉफी "बाय टू" सांगायची, म्हणजे एका कॉफीचे दोन पेले. शेवटच्या दोन दिवसांत मोठ्या तिघांची कॉफी बहुतेक वेळा दोनांतच भागली. धाकट्यासाठी "खारा कडिमी" म्हणून सांगितलं, पण त्याची गरज फार पडली नाही. तिथलं सांबार गुळाच्या अंगाचं, गोडसर. तो इडली त्यात बुडवून स्वतःच्या हाताने खात होता.

दुपारी सव्वाबाराला गांधीनगरात परत आणि मागच्या गल्लीतली खानावळ. उत्तर कर्नाटकातल्या लोकांनी बेंगळुरूत काढलेल्या या जागा. शब्द आपलाच, ताटही जवळजवळ आपलंच. केळीच्या पानाच्या आकाराचा कागद घातलेलं ताट, त्यावर पापडासारखी पातळ ज्वारीची भाकरी, तिकडे जोळद रोट्टी म्हणतात. भरल्या वांग्याची एण्णेगायी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची कोरडी चटणी, वर घट्ट दही. आत जेमतेम सहा टेबलं, पण प्रत्येकाला पाठ असलेल्या खुर्च्या. वाढणाऱ्या बाईंनी आजीला गाव विचारलं. जत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आमचं विजयपूर, म्हणजे शेजारच! मग न मागता एक मऊ भाकरी तव्यावरून थेट आजीच्या ताटात आली. "आज्जीला कडक चावायची नाही," हे त्यांनी स्वतःच ओळखलं. आजीने भाकरीवर हात फिरवला, एक टोक मोडलं, चटणीत दाबलं आणि पहिल्यांदाच दोन दिवसांत पोटभर जेवली. चार ताटं आणि एक जादा दही, मिळून ६४० रुपये. धाकटा आजीच्या ताटात.

संध्याकाळी घर मुद्दाम दोन ठिकाणी विभागलं. दाजी आणि मोठी मिलिटरी हॉटेलात गेले; ताई, आजी आणि धाकटा लॉजखाली दहीभातावर. कर्नाटकात मिलिटरी हॉटेल म्हणजे सामिष खानावळ, सैन्याशी आता काही संबंध नाही. बेंगळुरूत अशी बरीच हॉटेलं मराठा कुटुंबांनी चालवलेली आहेत, जयनगरातलं शिवाजी मिलिटरी हॉटेल त्यात नावाजलेलं. हे दोघं गेले ते जवळचं, लहानसं. सुक्या पानांच्या द्रोणात बिर्याणी, म्हणून ती दोन्ने बिर्याणी. मोठीने हट्टाने नाचणीचं मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, घेतलं आणि चावायला लागली. वाढप्याने तिला थांबवलं आणि खुणेने दाखवलं: गोळी मोडायची, रश्शात बुडवायची आणि गिळायची. दात लावायचा नाही. घरी आल्यावर तिने हा प्रयोग आजीच्या भाकरीवर करून बघितला.

सोमवारी साडेसातला नॅशनल कॉलेज स्टेशनवर उतरून विद्यार्थी भवन. माझ्या यादीतलं हे एकच नाव शेवटी कामाला आलं, तेही वार बदलला म्हणून. थोडं थांबून पाचही जणांना एकत्र टेबल मिळालं. भिंतीवर कन्नड साहित्यिकांची चित्रं. आजी नावं वाचत होती आणि धाकटा वेटरकडे तोंड उघडं ठेवून बघत होता. तिथले वेटर डोशांच्या ताटल्या एकावर एक रचून, थेट हातावर कोपरापर्यंत तोलत आणतात. त्याने अकरापर्यंत मोजल्या, पुढे त्याला आकडे येत नाहीत.

दुपारी पुन्हा तीच खानावळ. दाजींना नवीन काही बघायचं होतं, ताईने ऐकलं नाही. जिथे पोर एकदा जेवलं तिथेच दुसऱ्यांदा जायचं, यात तिला काही कमीपणा वाटला नाही.

निकाल

रविवारचा खर्च १७५०, सोमवारचा रात्रीच्या डब्यासकट १६४०. तीन दिवसांचे मिळून ६२०४, म्हणजे ठरवल्यापेक्षा ८०४ जास्त. पहिल्या दिवशी १०१४ ने ओलांडलं, पुढच्या दोन दिवसांत २१० वाचले. एका चुकलेल्या दुपारचा हिशेब. आजारी कुणी पडलं नाही. एमटीआर हुकलं.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळं काय करता आलं असतं

शनिवारची दुपार वाचवता आली असती. संग्रहालयात जायच्या आधी साडेअकराला काही पोटात घातलं असतं, किंवा बाराला पोरांना ओढून बाहेर काढून जेवून पुन्हा आत नेलं असतं, तर मॉलचं बिल झालंच नसतं. दुसरं तिकीट काढावं लागलं असतं तरी ते स्वस्त पडलं असतं. ताई म्हणते, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू असते तरी तासभर ढकलता आला असता. मिरजेहून निघताना ते केले होते. लॉजवर राहिले.

गर्दीच्या हॉटेलात कामं वाटून घ्यायला हवी होती. आधी आजी आणि पोरांनी जागा धरायची, मग एकाने चिठ्ठी काढायची. पहिल्या सकाळी असं काहीच ठरलं नव्हतं.

मोबाइलवरचे तारे मी बघितले होते. ४.३, ४.५ वगैरे. ते तारे चवीचे असतात. गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघायला हवे होते, तेही पदार्थाचे नव्हे तर मागच्या भिंतीचे: खुर्चीला पाठ आहे का, टेबलं किती उंच आहेत, कुणी म्हातारं माणूस बसलेलं दिसतंय का. आणि सकाळी एक फोन: आज उघडं आहे का, जेवण किती वाजेपर्यंत, बसायला जागा, टॉयलेट. चार प्रश्न. टॉयलेटचा प्रश्न मी इथे शेवटी लिहिलाय, पण चार वर्षांच्या पोराबरोबर तो पहिला असतो. जुन्या लहान हॉटेलांत ते नसतंच बऱ्याचदा; तेव्हा लॉजपासून जवळ खाणं किंवा मेट्रो स्टेशनवर आधीच जाऊन येणं हेच उपाय.

मुक्काम स्टेशनसमोर घेतला तो रात्रीच्या गाडीच्या सोयीसाठी. बसवनगुडीत घेतला असता तर लालबाग, दोड्ड बसवण्णाचं देऊळ आणि गांधी बझार, सगळं पायी झालं असतं. पण मग ती खानावळ दिसली नसती, त्यामुळे इथे माझं मत पक्कं होत नाही.

आणि आजीला विचारायला हवं होतं. नियोजन करताना तिची नोंद आम्ही सगळ्यांनी एकाच रकान्यात केली होती: गुडघे. तिचं माहेर जतचं, हे मला ताईच्या लग्नापासून माहीत आहे. मी तिला फोनवर एक शब्द विचारला नाही.

सोमवारी रात्री गाडीसाठी खानावळीतून बारा कडक रोट्ट्या आणि शेंगाचटणीची पुडी बांधून घेतली होती. मिरज आलं तेव्हा त्यातल्या चार शिल्लक होत्या. त्या माझ्यासाठी म्हणून ताईने डब्यात ठेवल्या, पण मी पुण्याहून पोचेपर्यंत दाजींनी संपवल्या.